मास्टरपीस

मास्टरपीस म्हणजे एखाद्या कलावंताची, कारागिराची किंवा काळाची सर्वांत सरस ठरलेली कृती. मराठीत यासाठी 'सर्वोत्कृष्ट कृती', 'अजोड कलाकृती' असे शब्द आहेत, पण नागपूरच्या रोजच्या बोलण्यात इंग्रजी शब्दच अधिक चालतो. इतवारीतला सराफ दागिना दाखवताना तो वापरतो, नाटकाच्या मध्यंतरात चहा पिणारे प्रेक्षकही वापरतात. आज हा शब्द कारकिर्दीच्या कळसासाठी येतो. मुळात मात्र ती कारकीर्द सुरू करण्याआधीची परीक्षा होती.

मध्ययुगीन युरोपात जवळपास प्रत्येक धंद्याचा कारागीर-संघ असे. मुलगा आधी उस्तादाकडे उमेदवारी करी, मग मजुरीवर गावोगाव काम करत फिरे. स्वतःचे दुकान थाटायचे म्हटले की संघातल्या जाणत्यांपुढे एक वस्तू घडवून दाखवावी लागे. ती पसंत पडली तरच तो 'मास्टर'. न्यूरेंबर्गच्या सोनारांना १६व्या शतकात तीन वस्तू कराव्या लागत: खडा बसवलेली सोन्याची अंगठी, शिक्का उमटवायचा कोरलेला ठसा आणि कोलंबाइन फुलाच्या घाटाचा पेला. खरा कस पेल्यात लागे. एकाच पत्र्याला ठोकून पाकळ्यांसारखे फुगवटे उठवायचे, मध्येच कंबर आवळायची, आणि पत्रा कुठेही फाटू द्यायचा नाही. असे काही पेले लंडनच्या संग्रहालयांत आजही आहेत. इंग्रजीत हा शब्द १६००च्या सुमारास डच-जर्मन शब्दांच्या धर्तीवर रुळला. फ्रान्समध्ये १७९१ साली हे संघ मोडीत निघाले, तरी तिथल्या फिरत्या कारागिरांच्या मंडळांत परीक्षेची कृती घडवण्याची प्रथा टिकून आहे. युनेस्कोने २०१० साली या परंपरेची मानवजातीचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद घेतली.

नागपुरात या प्रथेच्या सर्वांत जवळ जाणारी जागा म्हणजे महालातली चितारओळी. गणपतीच्या आधी तिथल्या कारखान्यांत पोरे माती मळतात, साचे भरतात, पॉलिश करतात. डोळ्यांची आखणी मात्र मुरलेल्या हाताकडेच असते. ती कोणाच्या हाती द्यायची, हे घरचा मोठा माणूस ठरवतो. परीक्षा इथेही आहे, फक्त प्रमाणपत्र नाही. फरक एवढाच की युरोपातला पेला जपून ठेवला जाई आणि इथली सर्वांत देखणी मूर्तीही विसर्जनाला जाते. टिकाऊपणा ही मास्टरपीसची अट मानली, तर मातीत काम करणाऱ्यांवर अन्याय होतो.

वापरताना एक भेद पाळावा. 'ही मास्टरपीस आहे' म्हणजे कृती निखालस थोर. 'ही त्याची मास्टरपीस' म्हणजे त्याच्याच इतर कामांशी तुलना. सिव्हिल लाइन्समधली उच्च न्यायालयाची वालुकाश्मातली इमारत घ्या. हेन्री मेड यांनी ती आखली, पायाभरणी १९३७ साली झाली आणि ६ जानेवारी १९४० रोजी ती खुली झाली. १०९ फूट उंच घुमट असलेल्या या वास्तूला व्हाइसरॉयांनी उद्घाटनात 'पाषाणातले काव्य' म्हटले. पण मेड यांचे नाव निघाले की जाणकार दिल्लीतली त्यांची चर्चही पुढे करतात. त्यामुळे पहिला प्रयोग इथे बिनदिक्कत करावा, दुसरा जपून.

दीक्षाभूमीच्या स्तूपाबाबत अडचण वेगळी आहे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जिथे धम्मदीक्षा घेतली, तिथे १९७८ साली काम सुरू झाले आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते लोकार्पण झाले. सांचीचा स्तूप आतून भरीव आहे. हा मात्र पोकळ, आत हजारो माणसे बसू शकतील असा. याला मास्टरपीस सगळेच म्हणतात, पण वास्तुविशारद शिवदानमल यांचे नाव फार थोड्यांना सांगता येते. शब्दातला 'मास्टर' असा गळू नये. दीक्षाभूमीचे वर्णन करताना हे नाव आवर्जून द्यावे.