खत वाहून येतं, पण पाणी थांबावं लागतं

पावसाळ्यात गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला आणि दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की नाशिकच्या गोदाघाटावर बघ्यांची झुंबड उडते. त्या गढूळ पाण्यात काय नसतं? शहराचं सांडपाणी असतंच, पुढे निफाडच्या बाजूला द्राक्षबागा आणि कांद्याच्या वावरांतून निथळलेला नत्र आणि स्फुरदही मिसळतो. म्हणजे शेवाळाचं खाद्य नदीत बदाबदा येतं ते याच दिवसांत. तरी पुरात गोदावरी हिरवी पडत नाही. ती हिरवी पडते उन्हाळ्यात, धरणातून पाणी सोडण्याच्या दोन आवर्तनांच्या मधल्या काळात, बंधाऱ्यामागे पाणी तुंबून राहिलं की.

समुद्रात कधीकधी एकाएकी माजणाऱ्या घातक शैवालाचं कोडंही इथूनच उलगडायला घ्यावं, असं माझं मत आहे. ‘खतं वाढली म्हणून शेवाळ माजलं’ हे वाक्य खरं आहे, पण अर्धवट. एकपेशीय शैवालाची पेशी साधारण एक ते तीन दिवसांत दुभंगते. दहा वेळा दुभंगली की एकाच्या हजार, वीस वेळा दुभंगली की दहा लाख. या वाढीला खाद्य आणि ऊन लागतंच. पण तितक्याच वेगाने पाणी पेशींना वाहून नेत असेल, तर शिल्लक शून्य. पुरात नेमकं हेच होतं, शिवाय गाळामुळे ऊनही आत शिरत नाही.

समुद्राला तर बंधारा नाही. मग तिथे शेवाळ जमतं कसं? याचं एक देखणं उत्तर १९५३ साली किअर्स्टेड आणि स्लोबॉडकिन या दोन शास्त्रज्ञांनी गणितातून काढलं. समजा, समुद्रात शैवालाला मानवणाऱ्या पाण्याचा एक पट्टा आहे आणि त्याबाहेर ते तगत नाही. पट्ट्यात पेशी वाढतात, पण लाटा आणि भोवरे त्यांना कडेने बाहेर फेकत राहतात. कपातला चहा चटकन गार होतो आणि पातेल्यातला बराच वेळ गरम राहतो, तसंच हे आहे: पट्टा लहान असेल तर कडेची गळती आतल्या वाढीला पुरून उरते. पट्ट्याची एक किमान रुंदी असते, तिच्याखाली शैवालाचा बहर टिकूच शकत नाही. पाण्याच्या मिसळण्याच्या वेगाला वाढीच्या वेगाने भागायचं, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि ‘पाय’ने (π, म्हणजे सुमारे ३.१४) गुणायचं, की ही रुंदी मिळते. पेशी साधारण सव्वादोन दिवसांत दुप्पट होत असतील आणि पाणी सेकंदाला एक चौरस मीटर या दराने पसरत असेल, तर उत्तर येतं सुमारे १.७ किलोमीटर. वारा पडून मिसळण निम्म्यावर आली, तर १.२ किलोमीटरचा पट्टाही पुरतो. इथे खताचा कणही वाढलेला नाही, फक्त पाणी शांत झालंय.

अर्थात खरा समुद्र इतका सरळ नाही. डायनोफ्लॅजेलेट नावाच्या गटाला शेपटीसारखे दोन चाबूक असतात. तासाला मीटरभर पोहून हे जीव दिवसा उजेडात वर येतात आणि रात्री खालच्या खतावर ताव मारायला तळाकडे जातात. काही जाती दिवस वाईट आले की बियाण्यासारख्या टणक कवचात शिरून तळच्या चिखलात पडून राहतात. त्यामुळे नव्या गणिती प्रतिमानांत प्रवाह, तापमान, क्षारता, शैवाल खाणारे सूक्ष्म प्राणी आणि चिखलातली ही बीजं, सगळ्याचाच हिशेब मांडावा लागतो.

कोणतं शैवाल माजेल, हा आणखी वेगळा प्रश्न. डायटम या गटाला कवच बांधायला सिलिका लागते आणि ती खडक झिजून नदीत येते. आपल्याकडचा काळा बेसाल्टही तिचा पुरवठादार आहे. धरणांमागे मात्र ती अडकून बसते. डॅन्यूब नदीवर १९७२ साली ‘आयर्न गेट’ धरण झालं, त्यानंतर काळ्या समुद्रात पोहोचणारी सिलिका घटली. नत्र-स्फुरद वाढतच होते. डायटम मागे पडले आणि सिलिकेवाचून भागणाऱ्या जाती पुढे सरकल्या. गंगापूर, जायकवाडी, पोचमपाड अशी धरणांची माळ ओलांडून १,४६५ किलोमीटरवर बंगालच्या उपसागराला मिळणाऱ्या नदीच्या काठावर राहणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवायला हरकत नाही. गोदावरीच्या मुखाशी शैवाल माजतं तेही ऐन पुरात नाही, तर पूर ओसरून गाळ खाली बसल्यावर.

पण डायटम म्हणजे सगळे सज्जन, असंही नाही. १९८७ साली कॅनडात प्रिन्स एडवर्ड बेटाजवळचे शिंपले खाऊन शंभराहून जास्त लोक आजारी पडले, काहींची स्मरणशक्ती गेली, काही दगावले. विष होतं डोमोइक आम्ल, आणि ते तयार केलं होतं स्यूडोनिट्झिया या डायटमने. शिंपला पाणी गाळून खातो, विष साठवतो आणि स्वतः ठणठणीत राहतो. शिजवूनही ते विष जात नाही.

आपल्या हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या समुद्रविषयक माहिती केंद्रासारख्या संस्था उपग्रहातून समुद्राचा रंग पाहून हरितद्रव्याचा अंदाज घेतात. हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश शोषतं, त्यामुळे दाट शैवाल वरून वेगळं दिसतं. अडचणी दोन. पावसाळ्यात ढग आड येतात. आणि रंगावरून विष कळत नाही: स्यूडोनिट्झियाची एकच जात कधी विषारी असते, कधी नसते. सिलिका किंवा स्फुरद कमी पडला की तिचं विष वाढतं, असं प्रयोगशाळेत दिसलंय. म्हणून शेवटी कुणीतरी होडीतून जाऊन बाटलीभर पाणी आणायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजत बसायचं, याला अजून पुरता पर्याय नाही. फ्लोरिडात कॅरेनिया ब्रेविस या विषारी शैवालाच्या लिटरमागे ५,००० पेशी झाल्या, म्हणजे चहाच्या चमचाभर पाण्यात पंचवीसेक, की शिंपले काढणं बंद करतात. तेवढ्या पेशींनी पाण्याचा रंग बदललेलाच नसतो.