वेदना-नियमन : मस्तिष्कस्तंभातील चेतामंडले

जखमेकडून आलेला वेदनेचा संदेश मेरुरज्जूतून वर किती जाऊ द्यायचा, हे ठरवणारी मस्तिष्कस्तंभातील (मेंदूला मेरुरज्जूशी जोडणाऱ्या भागातील) उतरती यंत्रणा.

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना फुटक्या शिंपल्याने तळवा चिरतो. दोरावर सगळ्यांचा जोर लागलेला असतो, तेव्हा काहीच जाणवत नाही. जाळे वाळूवर आले, मासळी निवडायला बसले, की रक्त दिसते आणि पाय ठणकू लागतो. चीर मघाचीच, पण तोवर संदेश मेरुरज्जूच्या पाठीकडच्या भागात, जिथे एक चेतापेशी तो दुसरीकडे सोपवते, तिथेच अडवलेला असतो.

अडवण्याचा हुकूम मध्यमस्तिष्कातून निघतो. तिथल्या अरुंद नलिकेभोवतीच्या करड्या भागाला भीती, लक्ष, अपेक्षा यांची खबर वरच्या केंद्रांकडून मिळते. तो लंबमज्जेतील, म्हणजे मस्तिष्कस्तंभाच्या तळाच्या भागातील, पेशींना चेतवतो आणि त्यांचे तंतू मेरुरज्जूत उतरतात. 1969 मध्ये डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या या करड्या भागाला विजेने उद्दीपित करून, भूल न देता पोटाची शस्त्रक्रिया केली. मॉर्फिनही बऱ्याच अंशी याच मंडलावर काम करते. शरीराचे स्वतःचे तसे द्रव्य, एन्केफॅलिन, 1975 मध्ये ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी ओळखले.

या यंत्रणेला नुसती ‘वेदनाशामक’ म्हणणे मात्र अपुरे आहे. हॉवर्ड फील्ड्स आणि सहकाऱ्यांना लंबमज्जेत दोन तऱ्हेच्या पेशी आढळल्या. उंदीर चटका बसून शेपूट झटकतो, त्याच्या क्षणभर आधी ‘ऑन’ पेशी उसळतात आणि ‘ऑफ’ पेशी गप्प होतात. मॉर्फिन दिले की नेमके उलट. ‘ऑन’ पेशी वेदना वाढवतात. जखम भरूनही दुखणे उरते, त्यामागे त्यांचा हात असू शकतो. चेतापेशींमध्ये संदेश नेणाऱ्या सेरोटोनिन या द्रव्याचेही एक धड नाही: पेशीवरचा ज्याला ते चिकटते तो ग्राही कोणता, त्यावर ते वेदना घटवते किंवा वाढवते.

शिंगाळा माशाचा काटा बोटात गेला, की सकाळपासूनची कंबरदुखी मागे पडते. एका वेदनेने दुसरी दबणे हा प्रकार ल बार आणि सहकाऱ्यांनी 1979 मध्ये मांडला; त्याचे मंडल लंबमज्जेच्या खालच्या भागातून जाते. लक्ष दुसरीकडे गेले, एवढेच त्याचे कारण नव्हे. भूल दिलेल्या उंदरांतही तो दिसला आणि मेरुरज्जू मेंदूपासून तोडल्यावर नाहीसा झाला.