वेल्डरचं मानसशास्त्र: ‘मन मुळात ठीकच असतं’ या कल्पनेची पार्श्वभूमी

१९७३ साली सिडनी बँक्स नावाचा एक वेल्डर कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर कागदाच्या लगद्याच्या कारखान्यात कामाला होता. जन्म १९३१चा, एडिनबराचा. शाळा लवकर सुटली आणि पोटापाण्यासाठी कॅनडा गाठलं. घरात नवरा-बायकोची धुसफूस चालायची, म्हणून दोघं दांपत्यांसाठीच्या एका शिबिराला गेले. तिथे ओळख झालेल्या एका माणसापाशी बँक्स आपलं गाऱ्हाणं मांडत बसला. आपण किती असुरक्षित आहोत, वगैरे. त्या माणसाने जे उत्तर दिलं त्याचा आशय असा होता: तू असुरक्षित नाहीस, तू आहेस असं तुला वाटतं, एवढंच.

दुसऱ्या कुणी हे हसण्यावारी नेलं असतं. बँक्सच्या मनात मात्र त्याचा निराळाच अर्थ उमटला. असुरक्षितता नावाची वस्तू जगात कुठे नाहीच. आहे तो फक्त विचार, आणि तो विचार आपण जगतो. पुढच्या काही दिवसांत त्याला आलेल्या अनुभवाला त्याचे चाहते आजही साक्षात्कार म्हणतात. मग त्याच किनाऱ्याजवळच्या सॉल्ट स्प्रिंग बेटावर त्याच्याभोवती माणसं जमायला लागली. कुणाचं दारूचं होतं, कुणाचं मोडत आलेलं लग्न.

मराठी वाचकाला इथे एक सोय आहे. ‘मला भीती वाटते’ आणि ‘मला वाटतं, तो येणार नाही’ या दोन्हींसाठी आपल्याकडे क्रियापद एकच. विचार कुठे संपतो आणि भावना कुठे सुरू होते, हे मराठी व्याकरणाने मुळी ठरवलेलंच नाही. आणि ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ हे आपल्या आज्यांना कुणा मानसशास्त्रज्ञाने शिकवलेलं नव्हतं.

कल्पना जुनीच होती. रोममध्ये गुलाम म्हणून राहिलेला आणि पुढे ग्रीसमधल्या निकोपोलिसला शाळा चालवलेला तत्त्वज्ञ एपिक्टेटस इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात हेच सांगत होता: माणसाला घटना छळत नाहीत, घटनांबद्दलची त्याची मतं छळतात. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने याच विधानाचा आधार घेतला आणि फ्रॉइडच्या पठडीतलं मनोविश्लेषण सोडून १९५५च्या सुमारास स्वतःची उपचारपद्धती उभी केली. घटना, त्या घटनेबद्दलची समजूत आणि त्यातून होणारा परिणाम अशी त्याची मांडणी. समजूत अविवेकी असेल तर तिच्याशी वाद घालायचा, आणि एलिसचा वाद म्हणजे खरोखरीचा वाद, कधीकधी शिव्यांसकट. फिलाडेल्फियात मानसोपचारतज्ज्ञ एरन बेक दुसऱ्या वाटेने तिथेच पोहोचला. नैराश्याच्या रुग्णांच्या स्वप्नांत दडपलेला राग सापडेल या अपेक्षेने त्याने शोध सुरू केला. सापडलं ते अपयश आणि गमावलेपण, आणि दिवसभर मनात आपोआप उगवणारे ‘मी नालायक आहे’ छापाचे विचार. हे विचार पकडायचे, पुराव्यावर तपासायचे आणि दुरुस्त करायचे, अशी बेकची रीत. १९७७मध्ये ४१ रुग्णांवरच्या एका चाचणीत या उपचाराची तुलना नैराश्यावरच्या त्या काळच्या प्रचलित औषधाशी झाली, आणि बोलण्यावरचा उपचार उजवा ठरला.

महाराष्ट्रात आली ती प्रामुख्याने एलिसची शाखा. कि. मो. फडके यांनी एलिसशी अनेक वर्षं पत्रव्यवहार केला आणि ही पद्धत मराठीत आणली. ठाण्यात १९९०मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्यासाठीच्या संस्थेच्या कामातही तिला मोठं स्थान मिळालं. ‘विवेकनिष्ठ’ हा शब्द मराठी मध्यमवर्गाच्या तोंडी बसला तो या मंडळींमुळे.

मग वेल्डरने नवीन काय सांगितलं? एलिस आणि बेक विचारांच्या मजकुराकडे पाहतात: हा विचार बरोबर आहे का, पुरावा काय, पर्याय काय. बँक्सला मजकुरात रस नव्हता. विचार येतात आणि जाणिवेत ते खरे वाटतात, ही यंत्रणा एकदा उमगली की एकेका विचाराला हात लावायची गरज नाही, असं त्याचं म्हणणं. मन, जाणीव आणि विचार या तीन गोष्टींना तो तत्त्वं म्हणायचा. विचारांचा गाळ खाली बसला की जे उरतं ते स्वास्थ्यच. ते कमवायचं नसतं, ते आधीपासूनच असतं. यातल्या ‘मन’ या शब्दाला त्याने विश्वव्यापी चैतन्याचा अर्थ दिला, आणि इथेच शास्त्र सुटून अध्यात्म सुरू होतं. त्याला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. मोजमाप मागणाऱ्यांना दिसलं.

सत्तरच्या दशकातच अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातून रॉजर मिल्स आणि जॉर्ज प्रॅन्स्की हे दोन मानसशास्त्रज्ञ बेटावर आले. एका कामगाराच्या बोलण्याने लोकांची आयुष्यं सुधारतात कशी, हे त्यांना पाहायचं होतं. दोघंही आपली शिकलेली पद्धत बाजूला ठेवून या मार्गाला लागले. प्रॅन्स्कीने समुपदेशनाचा व्यवसाय निवडला. मिल्सने निवडली ती मायामीजवळची मोडेलो ही सरकारी घरांची वस्ती, आणि या सगळ्या इतिहासातलं सर्वांत वाचनीय पान तेच आहे.

साल १९८७. कोकेनचा धंदा, गोळीबार, शाळा सोडलेली मुलं, सरकारी मदतीवर जगणाऱ्या एकट्या आया. अशा ठिकाणी जाऊन ‘तुमच्यात स्वास्थ्य उपजतच आहे’ असं म्हणायला धाडस लागतं, किंवा भाबडेपणा. मिल्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रवचनं दिली नाहीत. दारोदार गेले, ऐकून घेतलं, बायकांना जमवलं. आपण चिडलेले असताना मुलावर हात उगारतो आणि तासाभराने तेच मूल गोड वाटतं, मग मधल्या तासात बदललं काय? अशा घरगुती गोष्टींतून विषय निघायचा. पुढे त्याच बायका भाडेकरूंच्या समितीत आल्या, शाळेच्या पालकगटात आल्या, काही नोकरीला लागल्या. तीनेक वर्षांत गुन्हे, शाळागळती आणि मुलांकडचं दुर्लक्ष यांत मोठी घट झाली, असं प्रकल्पाच्या अहवालांनी नोंदवलं.

माझी शंका नेमकी इथे आहे. ही मोजणी प्रकल्प चालवणाऱ्यांचीच. शेजारची तशीच एखादी वस्ती तुलनेला बाजूला ठेवून केलेला हा प्रयोग नव्हता. समिती, पालकगट, आपलं ऐकून घेणारं माणूस या गोष्टींचा वाटा किती आणि विचारांबद्दलच्या उमजेचा किती, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. शिवाय २४ ऑगस्ट १९९२ला अँड्र्यू चक्रीवादळाने मोडेलोजवळच्या होमस्टेड शहरासकट तो सगळा परिसर झोडपून काढला. त्यानंतर तीच कुटुंबं गाठून पुन्हा मोजमाप करणं किती अवघड झालं असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

संकटातून सावरण्याच्या उपजत लवचिकतेच्या बाजूने भक्कम पुरावा आहे तो दुसरीकडे, हवाईतल्या काउआई बेटावर. १९५५मध्ये तिथे जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि तिच्या सहकाऱ्यांनी दशकानुदशकं मागोवा घेतला. गरिबी, व्यसनी आईबाप, घरातली भांडणं अशा जोखमीत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं धडधाकट, जबाबदार माणसं झाली. मोडेलोसारख्या कामाचे पाठीराखे हा दाखला आवडीने देतात. पण वर्नरच्या नोंदींत त्या मुलांभोवती कुणीतरी होतं: आजी, शिक्षक, शेजारी. आजीला विचारांच्या यंत्रणेबद्दल काही ठाऊक असण्याची गरज पडली नव्हती. दोन तृतीयांशांना सोसावं लागलं, हेही त्याच अभ्यासातलं.

बँक्सचं निधन २००९मध्ये झालं. त्याआधी वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात त्याच्या नावाची एक संस्था उभी राहिली होती. नंतर तिथलं नाव बदललं. आता ही शिकवण इंग्लंडमधल्या तुरुंगापर्यंत पोहोचली आहे. अभ्यासही छापून आलेत, बहुतेक लहान, बहुतेक याच वर्तुळातल्यांनी केलेले.

तरीही ‘विचाराशी भांडू नका, तो विचार आहे एवढं ओळखा’ हा गाभा कडक चाचणीत उतरला आहे. वारंवार नैराश्य येणाऱ्यांसाठी जॉन टीसडेल, मार्क विल्यम्स आणि झिंडेल सीगल हे मानसशास्त्रज्ञ बेकच्याच पद्धतीचा गटात वापरता येईल असा प्रकार तयार करायला बसले होते. काम करताना त्यांच्या लक्षात आलं की विचारांचा मजकूर बदलण्यापेक्षा विचारांपासून थोडं मागे सरणं जास्त उपयोगी पडत असावं, आणि त्यांनी बौद्ध ध्यानातून आलेली सजगता उपचारात घेतली. २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत १४५ जण होते. नैराश्याचे तीन किंवा अधिक झटके येऊन गेलेल्यांपैकी नेहमीच्या उपचारावर असलेल्या ६६ टक्के लोकांना ते पुन्हा आलं, सजगता शिकलेल्या ३७ टक्क्यांना. दोनच झटके आलेल्यांना मात्र काही फायदा दिसला नाही, आणि हेही त्यांनी त्याच निबंधात छापलं.