गंधकमिश्रित डांबर

रस्त्याच्या फरसबंदीत खडी सांधणाऱ्या डांबराचा काही भाग कमी करून त्याजागी गंधक घातलेला बंधक. हे गंधक बहुधा खाणीतले नसते. खनिज तेल व नैसर्गिक वायू यांच्या शुद्धीकरणात निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडापासून ते क्लाउस प्रक्रियेने, म्हणजे तो वायू अंशतः जाळून गंधक वेगळे करण्याच्या रीतीने, मिळते. काटेकोरपणे पाहता ते टाकाऊ नव्हे, उपउत्पादन होय. मात्र कॅनडातील अल्बर्टा प्रांतात मागणीअभावी त्याचे प्रचंड पिवळे ठोकळे उघड्यावर साठत गेले. तेथे हा भेद नावापुरताच उरतो.

आरंभाविषयी एकमत नाही. काही जण तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मागे नेतात. तेव्हाच्या प्रयोगांत डांबर व गंधक एकत्र बरेच तापवीत. गंधक डांबरातला हायड्रोजन हिरावून घेई व कडक पदार्थ तयार होई. त्यात डांबराचे गुणधर्म बदलणे हा हेतू होता, डांबर वाचवणे नव्हे. बेन्कोविट्झ व बो या संशोधकांनी 1938 मध्ये गंधकामुळे डांबराच्या गुणधर्मांत होणाऱ्या बदलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजच्या पद्धतीचा उगम तेथे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

गंधक सुमारे 119° से.ला वितळते. वजनाने साधारण पाचवा हिस्सा गंधक डांबरात विरघळते. उरलेले सूक्ष्म थेंबांच्या रूपात पसरते आणि थंड होताना त्याचे स्फटिक बनून थर ताठ होतो. त्यामुळे जड वाहनांखाली चाकोऱ्या कमी पडतात. बचतीचा हिशेब मात्र वरवर दिसतो तसा नाही. गंधकाची घनता डांबराच्या जवळजवळ दुप्पट असते आणि खडीवर बसणारे आवरण आकारमानावर ठरते. म्हणून वजनाने 30 टक्के गंधक असलेल्या मिश्रणात डांबराची खरी बचत सुमारे 18 टक्केच होते. केवळ वजनाचे आकडे देण्याची प्रथा यामुळे दिशाभूल करते.

मिश्रणाचे तापमान 150° से.च्या वर जाऊ देणे धोक्याचे असते. त्यापुढे हायड्रोजन सल्फाइड वेगाने सुटू लागतो. हा वायू विषारी असून तीव्रता वाढली की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. फावडे घेऊन मिश्रणाच्या अगदी जवळ उभ्या असलेल्या मजुराला इशारा मिळत नाही. जुना थर उखडून पुन्हा तापवतानाही हीच मर्यादा पाळावी लागते.

1973 च्या तेलसंकटानंतर अमेरिका, कॅनडा व फ्रान्स येथे चाचणीपट्टे तयार झाले. अमेरिकेतील पट्टे नेहमीच्या रस्त्यांइतकेच टिकल्याचे पुढील पाहणीत आढळले, परंतु गंधक महागल्याने पद्धत मागे पडली. नंतर शेल कंपनीने वायू रोखणारी द्रव्ये मिसळलेल्या गंधकगोळ्या बाजारात आणल्या.

डांबराला पर्याय म्हणून लिग्निनचाही उपयोग होतो. लगदा-उद्योगात लाकडातून वेगळे होणारे हे द्रव्य शेतीच्या अवशेषांतूनही मिळते. लिग्निनयुक्त जैव-डांबराचा एक पट्टा डिसेंबर 2024 मध्ये नागपूरजवळ मनसर येथे राष्ट्रीय महामार्ग 44 वर खुला झाला.