रेझिन सांगा, मग मॅट घ्या

फायबरग्लासची मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) किंवा रोव्हिंग (धाग्यांची लांब जुडी) विकायच्या आधी आम्ही विचारतो, “रेझिन, म्हणजे धाग्यावर चढवून कडक होऊ द्यायचा चिकट द्रव, कुठलं वापरता?” काहींना ही उगाच चौकशी वाटते. काच ती काच! पण काचेचा धागा आपल्यापर्यंत कधी उघडा येतच नाही.

वितळलेल्या काचेतून 10 ते 20 मायक्रॉन जाडीचा तंतू ओढला, की लगेच त्यावर पाण्यात कालवलेला लेप चढवतात. धंद्यात त्याला साइझिंग म्हणतात. वाळल्यावर वजन फार तर एक-दोन टक्के. त्यात मोठा भाग पॉलिमरचा; तो तंतूंची जुडी बांधून ठेवतो, घासून तुटू देत नाही. थोडं वंगण असतं. आणि अगदी थोडं सिलेन नावाचं जोडणारं रसायन; खरी भिस्त त्याच्यावरच.

सिलेन एका टोकाने काचेला रासायनिक बंधाने धरतं, दुसऱ्याने रेझिनला. ते नसेल तरी साच्यातून काढलेली होडी किंवा टाकी पहिल्या दिवशी ठणठणीतच दिसते. पुढे पाणी धाग्याच्या कडेकडेने आत शिरतं आणि ताकद उतरत जाते. काचेला पाणी प्रिय, रेझिनला नाही, भांडण तिथलंच.

रेझिनकडचं टोक रेझिनप्रमाणे बदलतं. पॉलिएस्टर आणि व्हिनाइल एस्टरला मेथाक्रिल गटाचं सिलेन लागतं, इपॉक्सीला अमिनो किंवा इपॉक्सी गटाचं.

चॉप्ड मॅटमध्ये धाग्याचे कापलेले तुकडे एकत्र धरून ठेवायला वेगळा बाइंडरही असतो. नेहमीच्या मॅटचा बाइंडर पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये (रेझिन पातळ ठेवणाऱ्या द्रवात) विरघळतो, म्हणून मॅट रोलरखाली मऊ पडून कोपऱ्यात बसते. इपॉक्सीत स्टायरीन नसतं. मॅट ताठ राहते, कोपऱ्यात उचलते, मध्ये पांढरी दिसते. मग शिव्या रेझिनवाल्याला, नाहीतर आम्हाला! इपॉक्सीसाठी विणलेलं कापड किंवा शिवलेली मॅट न्या, तीही इपॉक्सीला चालणाऱ्या लेपाची.

लेपाला तेलकट मळ समजून मॅट थिनरने पुसू नका, तापवूही नका. (विणाईसाठी स्टार्च लावलेलं कापड कारखान्यात तापवून साफ करतात हे खरं, पण नंतर त्याला पुन्हा सिलेन देतात. शेडमध्ये ते जमणारं काम नव्हे.)

पावसाळ्यात गुंडाळी पिशवीसकट फळीवर ठेवा, फरशीवर नको. दमट मॅट रेझिन नीट पीत नाही, आणि पॉलिएस्टर कडक व्हायलाही ओल आड येते.

ऑर्डर देताना रेझिनच्या डब्यावरच्या लेबलचा फोटो पाठवलात तरी पुरे.