नावाचा शोध आणि मजकुराचा शोध: डॉक्युमेंटेशन व्ह्यूअर बांधण्याआधी

प्रोग्रॅमिंग भाषांचं डॉक्युमेंटेशन ऑफलाइन दाखवणारा, सगळा कीबोर्डवर चालणारा डेस्कटॉप व्ह्यूअर हा प्रोजेक्ट जळगाव-धुळ्याच्या विद्यार्थ्यांना मी आवर्जून सुचवतो. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या मुलांनी सुट्टीत घरी गेल्यावर नेटच्या भरवशावर का राहावं? शिवाय चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर ब्राउझरच्या पंधरा टॅब उघडण्यापेक्षा असा एक हलका प्रोग्रॅम कितीतरी बरा.

पण हा प्रोजेक्ट बहुतेक वेळा एकाच जागी अडतो. शोधाची चौकट एक, म्हणून तिच्यामागचा शोधही एकच असं धरलं जातं. "हाई बी सर्चच शे ना, सर?" हो, सर्चच आहे. पण दोन निराळे. गट क्रमांक हातात असेल तर तलाठी सातबारा लगेच काढून देतो. "नाल्याकाठची, केळी लावलेली जमीन" एवढंच सांगितलं तर त्याला सगळं गाव डोळ्यांपुढे आणावं लागतं. पहिला नावाचा शोध, दुसरा मजकुराचा.

जुन्या, चांगल्या साधनांनी हा भेद आधीच पाळला आहे. मॅकवरचं डॅश आणि विंडोज-लिनक्सवरचं झील हे असेच व्ह्यूअर, आणि दोन्ही एकच डॉकसेट, म्हणजे डॉक्युमेंटेशनचा तयार गठ्ठा, वापरतात. त्यात एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची एक फाइल असते आणि तिच्यातल्या तक्त्यात प्रत्येक नोंदीचं नाव, प्रकार आणि पानाचा पत्ता असतो. पानांचा मजकूर तिथे नसतो, तो बाजूला एचटीएमएल फाइलींत. पायथनचं अधिकृत डॉक्युमेंटेशन स्फिंक्स या साधनाने तयार होतं, तेही दोन फाइली वेगळ्या काढतं: ऑब्जेक्ट्स डॉट आयएनव्ही ही नावांची यादी आणि सर्चइंडेक्स डॉट जेएस ही मजकुरातल्या शब्दांची सूची. म्हणजे नावाच्या शोधासाठी लागणारा माल तयारच मिळतो, पानं खरवडत बसायला नको.

नाव शोधणारा माणूस घाईत असतो. त्याला पायथनमधलं 'ओएस डॉट पाथ डॉट जॉइन' हवं आहे, आणि तो ओ, एस, पी, जे एवढी चारच अक्षरं दाबतो. ही अक्षरं नावात याच क्रमाने येतात का, मध्ये काहीही असलं तरी चालेल, एवढंच तपासायचं. यालाच फझी जुळणी म्हणतात. खरं कसब क्रम लावण्यात आहे. हुबेहूब नाव सगळ्यात वर, मग त्या अक्षरांनी सुरू होणारं, मग टिंबानंतर किंवा अंडरस्कोअरनंतर जुळणारं, आणि उरलेली खाली. वीस हजार नावं, प्रत्येकी चाळीस बाइट धरली तरी सगळी यादी एका एमबीच्या आत बसते. ती प्रोग्रॅम सुरू होतानाच मेमरीत घ्या आणि प्रत्येक कळीला सरळ पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासा. डेटाबेसकडे जाण्याची गरजच नाही. साधारण 0.1 सेकंदाच्या आत उत्तर आलं तर माणसाला ते तत्काळ वाटतं, आणि इथे आपण त्या मर्यादेच्या बरेच आत राहतो. तीच अक्षरं दाबली की उद्याही तोच निकाल वर यायला हवा. बोटांना सवय लागते ती याच भरवशावर.

मजकूर शोधणाऱ्याला नाव ठाऊकच नसतं. बाहेरचा प्रोग्रॅम चालवायचा आहे, तो ठरल्या वेळेत संपला नाही तर बंद करायचा आहे, पण यासाठी पायथनमध्ये सबप्रोसेस नावाचं मॉड्यूल आहे हे त्याच्या कानावर आलेलं नाही. तो 'टाइमआउट' आणि 'चाइल्ड' असे शब्द टाकतो. इथे उलटी सूची लागते: प्रत्येक शब्दापुढे तो कुठल्या कुठल्या पानांवर आहे त्याची नोंद. एफटीएस5 ही एसक्यूलाइटमधली मजकूर शोधण्याची सोय हे काम करते आणि बीएम25 या सूत्राने क्रम लावते. दुर्मिळ शब्दाला जास्त वजन, लांबलचक पानाला कमी. हा शोध मुख्य विंडो अडवू न देता वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे प्रोग्रॅममध्येच बाजूने चालणाऱ्या दुसऱ्या धाग्यावर, चालवा आणि नवी कळ दाबली की जुना शोध सोडून द्या.

एकाचं हत्यार दुसऱ्याला लावलं की काय होतं ते बघा. फझी जुळणी लांब मजकुरावर चालवली तर जवळजवळ प्रत्येक पान जुळतं, कारण ओ, एस, पी, जे ही अक्षरं त्याच क्रमाने कुठेतरी सापडतातच. उलट नावांवर एफटीएस5 लावलं तर त्या चार अक्षरांना काहीच मिळत नाही, कारण तिथे जुळतो तो अख्खा शब्द, नाहीतर त्याची सुरुवात. आणि मजकुरावर दोन्हीकडे टक्क्याचं चिन्ह लावून डेटाबेसची 'लाइक' ही साधी जुळणी चालवणं म्हणजे दर कळीला सगळी पानं पुन्हा वाचणं. दोघांचे निकाल एकाच यादीत मिसळू नयेत असं माझं ठाम मत आहे. मजकुराच्या शोधाला वेगळी कळ द्या.

मराठी टिपणं जोडणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. एफटीएस5 चा नेहमीचा युनिकोड61 टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, फक्त अक्षरं आणि अंक शब्दात धरतो. मात्रा आणि वेलांट्या त्याच्या लेखी शब्द तोडणाऱ्या खुणा असतात. त्यामुळे 'केळी' चे 'क' आणि 'ळ' असे दोन तुकडे होतात, 'काळी' चेही तेच, आणि केळीच्या टिपणांत काळी माती येऊन बसते. त्याच्या कॅटेगरीज या पर्यायात मूळच्या गटांसोबत एमएन आणि एमसी हे मात्रा-वेलांट्यांचे दोन गट लिहिले की शब्द अखंड राहतात. हा पर्याय तक्ता तयार करतानाच द्यावा लागतो, म्हणून आधी सूची बांधली असेल तर ती पुसून नव्याने बांधा.