बेळगाव–दिल्ली हवाई अंतर

बेळगाव–दिल्ली हवाई अंतर : बेळगावचा सांबरा विमानतळ (१५° ५२′ उ., ७४° ३७′ पू.) आणि दिल्लीचा इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ (२८° ३४′ उ., ७७° ०६′ पू.) यांमधील भूपृष्ठावरचे किमान अंतर, सु. १,४३० किमी. (७७२ सागरी मैल). २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ असले, तरी येथे मराठीतील रूढ रूप ठेवले आहे.

पृथ्वी ६,३७१ किमी. त्रिज्येचा पूर्ण गोल मानल्यास हेच अंतर १,४३६ किमी. भरते. ध्रुवांकडील चपटेपणा हिशेबात घेतला की या पट्ट्यात एक अंश अक्षांश १११.२ ऐवजी ११०.७ किमी.चा होतो व दक्षिणोत्तर मार्गावर ही तूट साचत जाते. लहान आकडा ग्राह्य धरावा.

अक्षांशांतील फरक १२° ४२′, तर रेखांशांतील अवघा २° २९′ असल्याने मार्ग जवळजवळ उभा आहे. अशाच दोन गावांच्या अक्षांशफरकावरून आणि अंतरावरून त्रैराशिकाने भूपरिघ काढण्याची रीत भास्कराचार्यांनी (जन्म १११४) सिद्धांतशिरोमणीत दिली असून परिघ ४,९६७ योजने सांगितला आहे. ती रीत उलटी चालविल्यास बेळगाव–दिल्ली दक्षिणोत्तर अंतर सु. १७५ योजने येते. योजनाच्या लांबीविषयी मात्र एकमत नाही. काही अभ्यासक ती ८ किमी.च्या आसपास मानतात, तर काही १२–१३ किमी. पहिल्या मानाने १,४०० किमी. येतात व प्रत्यक्ष दक्षिणोत्तर अंतराशी (१,४०७ किमी.) ते सुरेख जुळतात; पण ते मान बऱ्याच अंशी आधुनिक परिघाशी मेळ घालूनच ठरविलेले दिसते, त्यामुळे ताळा म्हणून त्याचे मोल बेताचे.  

जेट विमानाचा वेग वर गेल्यावर ताशी ८०० किमी.च्या आसपास असतो; तरी थेट उड्डाणाला साधारण अडीच तास धरतात, कारण विमान जागेवरून हलल्यापासून दिल्लीत उभे राहीपर्यंतचा सगळा वेळ त्यात येतो. हिवाळ्यात उत्तर भारतावरून वाहणारे वेगवान पश्चिमी वारे या मार्गाला आडवे पडतात. म्हणून जाण्या-येण्याच्या वेळांत पूर्व–पश्चिम मार्गांइतकी तफावत पडत नाही.

सांबऱ्याची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील (सामान्यतः १९४२) मानतात. तळ समुद्रसपाटीपासून सु. ७५० मी. उंच असल्याने विरळ हवेत विमानाला धावही अधिक लागते. पुढे धावपट्टी सु. २,३०० मी.पर्यंत वाढविण्यात आली. नवी प्रवासी इमारत २०१७ ची.

दोन्ही शहरे राष्ट्रीय महामार्ग ४८ वरच आहेत, पण हा रस्ता मुंबई–अहमदाबाद–जयपूर असा वळसा घेतो. गोवा एक्स्प्रेसला बेळगावहून सु. दीड दिवस लागतो. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळही जवळ पडतो.